छत्तीसावा फोटो

आज दुपारी फोनने परत तेच तुणतुणं लावलं, जागा संपली. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, म्हटलं चला, गेल्या जुलैतल्या कन्याकुमारी ट्रिपचे फोटो उडवूया. तासभर बसलो आणि उडवले किती, तर नऊ.

ठेवण्यासारखं काय आहे म्हणाल तर तसं काहीच नाही. निम्मे फोटो चालत्या गाडीच्या काचेतून. चित्रदुर्गच्या पवनचक्क्या एकवीस वेळा, आणि प्रत्येकीत डॅशबोर्डवरच्या गणपतीची सावली फुकटात. धारवाडचा पेढा, तोही अर्धा खाल्लेला. सेलमच्या पुढं कुठंतरी केळीच्या पानावर सांबार-भात आणि कडेला लालभडक ढीग, ती आमच्या घरची चटणी. कोल्हापूरचा माणूस एकवेळ गाडीची कागदपत्रं विसरेल, पण चटणीच्या डब्याशिवाय कागल ओलांडणार नाही. वाढप्यानं हौसेनं बोट लावून चाखली आणि आत गेला तो गेलाच, पुढचं पाणी दुसऱ्यानं आणून दिलं.

लहानपणी हे असलं परवडायचं नाही. काकांच्या ट्रॅक्समधून चौदाजण विजापूरला गेलो होतो, रोल ३६ फोटोंचा, आणि बाबा कॅमेरा असा धरायचे की जणू रेशनचं रॉकेल. "नीट उभं ऱ्हावा, परत न्हाई काढणार!" गोलघुमटासमोर सगळं खानदान बसवता बसवता घुमटच वरून कापला गेला. एक फोटो 'अडीअडचणीला' म्हणून शिल्लक ठेवलेला, ती अडचण काय आली नाही, मग रोल धुवायला द्यायचा म्हणून घरी येऊन गोठ्यातल्या म्हशीवर संपवला. अल्बममध्ये आजही तीच एक अख्खी आलीय, दोन्ही शिंगांसकट.

असो. कन्याकुमारीला सूर्यास्त ढगात गेला. तमिळ कवी तिरुवल्लुवरचा पुतळा १३३ फुटांचा का, तर त्याच्या कुरल या ग्रंथाचे अध्याय १३३, हे मी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ती म्हणाली बरं मग? मग काय, कणीस खाल्लं.

खरं सांगायचं तर मी शोधत होतो एक फोटो, जो काढलाच नव्हता. येताना तिरुनेलवेलीच्या अलीकडं चहाच्या टपरीला एम एच ०९ चा ट्रक दिसला. बाराशे किलोमीटर लांब आपला नंबर दिसला की काय होतं ते सांगायची गरज नाही, हॉर्न वाजवत आम्ही थेट त्याच्याशेजारी. ड्रायव्हर पन्नाशीचा, आमच्या पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखलीचा. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न, "पाव्हणं, राजाराम बंधाऱ्यावर पानी किती हाय ओ? माझा फोन बंद पडलाय कालपास्नं."

बघून सांगितलं, ३७ फूट. पंचगंगेचा पूर याच बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटांना इशारा.

"म्हंजे इशाऱ्याला दोनच ऱ्हायलं," त्यानं बोटांवर कायतरी मोजलं. "म्हशी सोनतळीला हलवाय पायजेत. भाऊ हाय म्हणा, पर त्यो शेवटपत्तोर थांबतोय."

माझ्याच फोनवरून भावाशी बोलला. चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. फोटो काढायचं तेव्हा सुचलंच नाही, आणि पवनचक्क्या एकवीस.

लाईट अजून आलेली नाही. आत्ताच बघितलं, ३८ फूट १ इंच.