घरट्याची फिल्म, नोंद ४ : इम्पोर्टने खाल्लेला आठवडा

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की शूटिंग संपलं, आता फक्त एडिट. ते ‘फक्त’ चांगलंच अंगाशी आलं.

खिडकीतल्या घरट्याचं तीन आठवड्यांचं फुटेज आहे. काही फोनवरचं, काही छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यावरचं, काही वेबकॅम लावून ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड केलेलं. सगळं एका फोल्डरमध्ये टाकलं आणि एडिटरमध्ये ओढलं. वेबकॅमच्या एमकेव्ही फाइल त्याने घेतल्याच नाहीत. फोनच्या घेतल्या, पण आवाजाच्या लाटा दिसतायत आणि चित्राच्या जागी मिट्ट काळोख. आणि पिल्लू पहिल्यांदा घरट्याच्या काठावर येऊन बसलं ती ॲक्शन कॅमेऱ्याची क्लिप? ‘फाइल खराब आहे.’

पहिली संध्याकाळ नेहमीच्या उद्योगांत गेली. एडिटर काढून परत टाकला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केला, एमकेव्हीचं नाव बदलून एमपी४ करून पाहिलं. पाकिटावरचा पत्ता बदलला म्हणून आतलं पत्र बदलत नाही, हे माहीत असूनही केलं.

दुसऱ्या दिवशी एकेक फाइल मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलच्या आत काय आहे ते सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. हे आधीच करायला हवं होतं. एमकेव्ही, एमपी४, एमओव्ही ही नुसती खोकी. आत चित्र कुठल्या कोडेकने, म्हणजे दाबण्याच्या कुठल्या पद्धतीने, दाबलंय ते वेगळंच प्रकरण. माझ्या एमकेव्हीच्या आत चित्रासाठी साधंसुधं एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी निघालं, म्हणजे एडिटरचं भांडण फक्त खोक्याशी होतं. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या साधनाला ‘कॉपी’ सांगून तेच चित्र-आवाजाचे प्रवाह एमपी४मध्ये हलवले. यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि दीड तासाची फाइलही बघता बघता होते. ओबीएसच्या फाइल मेनूत रीमक्सची, म्हणजे असं खोकं बदलण्याची, सोय आहेच, ज्यांना कमांडची काळी खिडकी नको त्यांच्यासाठी.

फोनचं प्रकरण जरा चिवट होतं. मीडियाइन्फो म्हणालं: एचईव्हीसी (एच.२६४नंतरचं कोडेक), प्रोफाइल मेन १०. फोनमध्ये एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारं सेटिंग) चालू राहिलं होतं, म्हणून रंग १० बिटमध्ये. एच.२६४ २००३चं, एचईव्हीसी २०१३चं. दुसरं कमी जागेत तेवढंच चांगलं चित्र देतं, पण ते उलगडता येईल का हे ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राफिक्स चिप आणि एडिटरची आवृत्ती या तिघांवर ठरतं. म्हणूनच तीच फाइल प्लेअरमध्ये छान चालते आणि एडिटरमध्ये आंधळी होते. मी एफएफएमपेगला सगळ्या क्लिप प्रोरेस ४२२ या एडिटिंगच्या कोडेकमध्ये, एमओव्हीच्या खोक्यात, बदलायला लावल्या आणि झोपले. १०८०पीला, सेकंदाला ३० फ्रेम असताना, मिनिटाला १ जीबीच्या वर जागा जाते, पण त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि टाइमलाइनवर मागेपुढे सरकताना हात अडखळत नाही. सकाळी चित्र दिसलं. रंग धुतल्यासारखे फिकट होते, पण ते एचडीआरचं फुटेज साध्या टाइमलाइनवर टाकल्यामुळे. क्लिपची इनपुट कलर स्पेस, म्हणजे तिचे रंग कुठल्या पद्धतीने नोंदलेत ते, एडिटरला नीट सांगितल्यावर जागेवर आले.

मग आवाज ऐकला.

वीस मिनिटांच्या क्लिपच्या सुरुवातीला सगळं चोख. दहाव्या मिनिटाला पिल्लू चोच उघडतंय आणि ‘ची’ दोन सेकंदांनी येतेय. शेवटाकडे चार. मी आवाजाचा ट्रॅक सरकवला, तर सुरुवात बिघडली. ठरावीक अंतराचा फरक असता तर सरकवून भागलं असतं. हा वाढत जाणारा होता. मीडियाइन्फोमध्ये ‘फ्रेमरेट मोड: व्हेरिएबल’, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे बदलतं, अशी ओळ मी परवाच वाचली होती, आणि सोडूनही दिली होती. प्रकाश कमी झाला, फोन तापला, की फोन एखादी फ्रेम उशिरा घेतो. माझ्या क्लिपची सरासरी निघाली सेकंदाला २९.९ फ्रेम. वीस मिनिटांत ३५,८८० फ्रेम. एडिटर त्यांना सरळ ३०च्या वेगाने मांडतो, म्हणजे चित्र ११९६ सेकंदांत संपतं आणि आवाज मात्र पूर्ण १२०० सेकंद चालतो. ते चार सेकंद असे हरवले.

आणि यात खरी चूक माझी. एमओव्हीत लिहिताना एफएफएमपेग आपणहून फ्रेमरेट स्थिर करत नाही, मूळच्याच वेळा पुढे नेतं. ‘एफपीएस मोड सीएफआर’ (म्हणजे स्थिर फ्रेमरेट) आणि ३० हा दर द्यायला हवा होता. मग जिथे फ्रेम कमी पडते तिथे आधीचीच दोनदा टाकली जाते आणि घड्याळ जुळतं. आणखी एक रात्र गेली, कारण सगळं पुन्हा. एफएफएमपेगऐवजी हँडब्रेक हा व्हिडिओ बदलायचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी व्हिडिओ टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट’ निवडलंय ना, एवढं पाहावं.

उरली ती खराब फाइल. आकार २ जीबीच्या वर, म्हणजे आत काहीतरी होतं. एफएफएमपेग म्हणालं, ‘मूव्ह ॲटम’ सापडत नाही. एमपी४मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते, तोच हा मूव्ह ॲटम, आणि बहुतेक कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवताना लिहितात. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपली होती, थांबवायला कुणी उरलंच नाही. अनट्रंक नावाचं एक साधन त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची धडधाकट फाइल नमुना म्हणून मागतं आणि तिच्यावरून अनुक्रमणिका पुन्हा बांधतं. आदल्या दिवशीची क्लिप दिली. पहिल्यांदा नुसता आवाज आला, कारण ती क्लिप ६० फ्रेमची होती आणि तुटलेली ३०ची. तशाच सेटिंगवर दोन मिनिटं भिंत शूट केली आणि ती दिली. चित्र आलं.

पिल्लू काठावर बसतं, पंख पसरतं, मिटतं, पुन्हा पसरतं. एकदा तर पडता पडता वाचतं. शेवटचे काही सेकंद चौकोनी ठिगळांचे आहेत, ते कापले. उडालं ते दिसत नाही, बॅटरी त्याआधीच गेलेली. आता शेवटाला रिकाम्या घरट्याचा वेबकॅमचा शॉट लावून बघतेय.