साडेसातची बातमी दुपारी दोनला

दुपारी दोनला फीड रीडर (आपण निवडलेल्या संकेतस्थळांच्या नव्या बातम्या एका जागी आणून देणारं ॲप) उघडावा आणि सगळ्यात वरची बातमी संध्याकाळी साडेसातची निघावी, असं अधूनमधून होतं. भविष्यवाणी वगैरे काही नसते. फीडमध्ये, म्हणजे संकेतस्थळाने रीडरसाठी ठेवलेल्या बातम्यांच्या यादीत, प्रत्येक बातमीला वेळेची एक ओळ असते, तिच्या शेवटी +०५३० अशी शेपटी. तिथे चुकून +०००० पडलं की रीडर ती वेळ ग्रिनिचची समजतो आणि आपले साडेपाच तास वर मिळवतो. मग ती बातमी दिवे लागेपर्यंत डोक्यावर बसून राहते.

आरएसएस म्हटलं की आपल्याकडे आधी नागपूर आठवतं. ही दुसरी, फीड ज्या साच्यात लिहितात ती, १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीकडून आलेली. हिची शाखा नाही, गणवेश नाही. नुसती एक एक्सएमएल फाइल: मथळा, दुवा, वेळ, दोन ओळी मजकूर.

रीडर म्हणून अँड्रॉइडवर फीडर, आयफोन नि मॅकवर नेटन्यूजवायर. दोन्ही फुकट, खातं उघडायचीही गरज नाही. अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून संकेतस्थळाचा पत्ता चिकटवला की बहुतेकदा फीड आपोआप सापडतं. नाही सापडलं आणि संकेतस्थळ वर्डप्रेसवरचं (म्हणजे त्या नावाच्या संकेतस्थळ-प्रणालीवर चालणारं) असलं, तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून बघावं. ब्राउझरमध्ये टोकदार कंसांचं जंगल उगवलं की लोक घाबरून मागे फिरतात. खरं तर तेच हवं असतं. वाचायचं काही नाही, पत्ता उचलायचा आणि रीडरमध्ये टाकायचा.

खरी गंमत पुढे. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटच्या १० नोंदी असतात. रीडर तीन तासांनी फेरी मारत असेल आणि तेवढ्यात तिकडे २५ बातम्या पडल्या, तर मधल्या १५ गेल्याच. त्या गेल्या हेही कळत नाही. म्हणून गजबजलेल्या वर्तमानपत्राचं सगळं फीड घेऊ नये. आपल्या जिल्ह्याचं, शेतीचं, जे वाचतो त्या सदराचं वेगळं फीड असेल तर तेवढंच घ्यावं आणि फेरी अर्ध्या तासावर आणावी. एखादं फीड आठवडाभर गप्प असेल तर तिकडे काही घडत नाही असं समजू नये. एका मथळ्यात & हे चिन्ह कच्चं राहिलं तरी अख्खी फाइल मोडते, आणि रीडर बिचारा तोंड मिटून बसतो.

न वाचलेल्यांचा तो ठळक आकडा मात्र छळतो. १ जुलै २०१३ ला बंद झालेला गूगल रीडर हजारानंतर मोजणंच सोडायचा, नुसतं १०००+ दाखवायचा. केवढी माणुसकी! गावाला जाताना पेपरवाल्याला ‘पंधरा दिवस टाकू नको’ सांगता येतं, फीडला तसं सांगायची सोय नाही. परत आल्यावर घडी न मोडलेले पेपर कोपऱ्यात रचावेत तसं सगळं साचलेलं. सात-आठच फीड ठेवली तर निस्तरतं, चाळीस झाली की नाही. मग ‘सगळं वाचलं असं समजा’ हे बटण असतंच. ते दाबावं.

रद्दीवाला निदान किलोमागे काही देतो तरी.