कॉन्फफाइल काढताना आवृत्ती कोणती लिहायची?

डेबियन या लिनक्स प्रणालीचं पॅकेज बांधताना सगळ्यात जपून हात घालायची जागा म्हणजे /इटीसी, सेटिंगच्या फाइलींचं फोल्डर. तिथली फाइल आपल्या पॅकेजमधून आलेली असली, तरी एकदा मशीनवर उतरली की ती ते मशीन सांभाळणाऱ्याची. त्याने केलेला बदल अपग्रेडमध्ये पुसायचा नाही, असं डेबियनची पॉलिसीच सांगते.

पॅकेज बांधायला मदत करणारा डेबहेल्पर इटीसीखालच्या प्रत्येक फाइलची आपोआप कॉन्फफाइल (वापरणाऱ्याचे बदल जपायची सेटिंग फाइल) म्हणून नोंद करतो आणि पॅकेज मशीनवर बसवणारा डीपीकेजी तिचा एमडी५, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, जपून ठेवतो. अपग्रेडच्या वेळी जुन्या पॅकेजमधली, डिस्कवरची आणि नव्या पॅकेजमधली अशा तिन्ही फाइली ताडून बघितल्या जातात. दोन्हीकडून बदल झाला असेल तरच प्रश्न विचारला जातो. तिथे नुसतं एंटर दाबलं तर जुनी फाइल राहते आणि नवी शेजारी '.डीपीकेजी-डिस्ट' शेपटी लावून ठेवली जाते. म्हणूनच पोस्टइन्स्टमध्ये, म्हणजे पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, मजकूर बदलणारी सेड कमांड चालवून कॉन्फफाइल कधीही बदलू नका. तो बदल डीपीकेजीला वापरणाऱ्याचाच वाटतो, आणि ज्याने फाइल कधी उघडलीही नाही त्याच्यासमोर पुढच्या अपग्रेडला प्रश्न उभा राहतो. फाइल स्क्रिप्टनेच तयार करायची असेल तर ती पॅकेजमध्ये घालू नका, अशा फाइली सांभाळणाऱ्या यूसीएफकडे सोपवा.

खरी गडबड होते ती फाइल काढून टाकताना. पॅकेजमधून नुसती वगळली तर डिस्कवरची फाइल जात नाही; डीपीकेजी तिच्यापुढे 'ऑब्सोलीट' (कालबाह्य) असा शेरा मारून ती तशीच ठेवतो. ती क्रॉन.डी मधली, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या फोल्डरमधली असेल तर काढून टाकलेला प्रोग्राम रोज रात्री हाकारला जातो आणि अ‍ॅडमिनला रोज एररची मेल जाते.

उपाय एका ओळीचा आहे. 'डेबियन' फोल्डरमधल्या मेंटस्क्रिप्ट फाइलमध्ये लिहा: आरएम_कॉन्फफाइल /इटीसी/क्रॉन.डी/नमुना २.१-३~

यातली आवृत्ती हमखास चुकते. समजा फाइल २.१-१ मध्ये वगळली आणि चूक लक्षात आली २.१-३ च्या वेळी. ती फाइल शेवटची २.०-५ मध्ये होती म्हणून बरेचजण २.०-५ लिहितात. मग जे आधीच २.१-१ किंवा २.१-२ वर आलेत, त्यांच्याकडे ही ओळ चालतच नाही आणि फाइल कायमची राहून जाते. लिहायची ती आत्ता अपलोड करत असलेली आवृत्ती, शेवटी ~ लावून. ~ मुळे ती २.१-३ च्या बॅकपोर्टपेक्षाही (जुन्या डेबियनसाठी पुन्हा बांधलेल्या पॅकेजपेक्षाही) लहान ठरते, त्यामुळे बॅकपोर्टवरून येणाऱ्यांकडे झालेलं काम पुन्हा होत नाही. नाव बदलण्याच्या एमव्ही_कॉन्फफाइललाही हाच नियम. ही ओळ लगेच पुसू नका, जुन्या स्टेबलवरून (डेबियनच्या पक्क्या आवृत्तीवरून) येणारे सगळे पुढच्या स्टेबलवर पोचेपर्यंत ती राहू द्या.

वापरणाऱ्याने फाइल बदललेली असेल तर ती '.डीपीकेजी-बॅक' नावाने मागे राहते. क्रॉन.डी मध्ये त्याने काही बिघडत नाही, कारण नावात टिंब असलेल्या फाइली डेबियनचा क्रॉन वाचत नाही. सुडोच्या परवानग्या ठेवणाऱ्या सुडोअर्स.डी मध्येही तसंच. पण तुमचा प्रोग्राम फोल्डरमधली दिसेल ती फाइल उचलत असेल तर जुनी सेटिंग पुन्हा लागू होते. तिथे फक्त '.कॉन्फ' ने संपणाऱ्याच फाइली वाचायच्या असं ठरवून टाका.

पॅकेज बसवून-काढून तपासणारा पियुपार्ट्स चालवाच, पण तो न बदललेल्या फाइलीवर तपासतो. बदललेल्या फाइलीसाठी क्रूटमध्ये (मशीनवरच्या वेगळ्या, बंदिस्त डेबियनमध्ये) जुनं पॅकेज टाका, कॉन्फफाइलमध्ये एक कॉमेंट वाढवा, अपग्रेड करा आणि डीपीकेजी-क्वेरीच्या कॉन्फफाइल यादीत 'ऑब्सोलीट' शोधा. मग पर्ज करून, म्हणजे पॅकेज सेटिंगसकट काढून, इटीसी पुन्हा एकदा बघा.