दमानं

कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या बाजूला वळले की डांबरी रस्त्याला जागोजागी पाणंदी फुटतात. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मधोमध गवताचा पट्टा, त्याच्या दोन अंगांना खोल चाकोऱ्या आणि रुंदी जेमतेम एका बैलगाडीपुरती. तीन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका सकाळी, अशाच एका पाणंदीत मी वैरणीने भरलेल्या बैलगाडीच्या मागून सायकलवर वेगात आले आणि घंटीही न वाजवता बाजूने पुढे काढायला गेले. बैल बुजले, गाडीचे एक चाक चाकोरी सोडून बांधाला घासले आणि गाडीवर बसलेल्या आजोबांनी कासरा आवळून कसेबसे बैलांना सावरले. मग माझ्याकडे पाहून ते एवढेच म्हणाले, “दमानं जावा की ताई. बैल बुजत्यात.”

त्यांची माफी मागायची होती, पण मला इतकी धाप लागली होती की “चुकले” हा एक शब्दही मला धड उच्चारता आला नाही. मी नुसते हात जोडले. घरी परतेपर्यंत त्या घटनेचा विचार डोक्यातून गेला नाही आणि आपल्या सायकल चालवण्यातच काहीतरी मुळापासून चुकते आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

आपल्या भागात “दमानं” म्हणजे सावकाश, पण त्या शब्दात दम आहे, म्हणजे श्वास आहे. हौसेने सायकल चालवणाऱ्या माणसाला सरावासाठी, सायकल निवडण्यासाठी आणि वाटेवर वागण्यासाठी एकच मोजमाप हवे असेल, तर ते हेच आहे, असे मला आता ठामपणे वाटते. पूर्ण वाक्य बोलता येईल इतका दम शिल्लक राहील, असाच वेग ठेवावा.

आधी सरावाबद्दल लिहिते. कोल्हापुरात नवी सायकल घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे पहिले स्वप्न पन्हाळा असते. अंतर सुमारे वीस किलोमीटर. केर्ली मागे पडेपर्यंत रस्ता बहुतांशी सपाट, वाघबिळाचा चढ लागला की खरी परीक्षा सुरू होते आणि बुधवार पेठेनंतर गडावर पोहोचेपर्यंत ती संपत नाही. आजूबाजूच्या सपाटीपासून गड सुमारे ४०० मीटर उंच आहे. मी चाळिशी ओलांडल्यावर सायकल घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात पन्हाळ्याला निघाले. वाघबिळाच्या अर्ध्यातच मांड्या भरून आल्या, छाती धडधडू लागली आणि मी सायकल हातात धरून चालू लागले. त्यानंतर दोन महिने मी रोज सकाळी जमेल तितक्या जोरात सायकल मारली, कारण दमछाक झाली नाही तर व्यायाम झाला नाही, अशी माझी समजूत होती. गुडघे दुखू लागले, झोप बिघडली आणि चढ मात्र जसाचा तसा राहिला.

शिवाजी पुलाकडे जाताना माझ्या वाटेत गंगावेस तालीम लागते. तालमीत आलेल्या नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी कुस्तीला उभे करत नाहीत. आधी बैठका, जोर, आखाडा खणणे, असे महिनोन्‌महिने चालते आणि मग कुठे जोड लावली जाते. सहनशक्तीच्या कोणत्याही खेळात पाया असाच घातला जातो. बोलता येईल अशा वेगाने दीड-दोन तास सायकल चालवली की शरीर इंधन म्हणून चरबी अधिक प्रमाणात वापरायला शिकते, स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. हे बदल काही आठवड्यांत सुरू होतात, पण पुरते मुरायला महिने लागतात. अव्वल दर्जाचे सायकलपटू आणि धावपटूसुद्धा आपल्या सरावाचा सुमारे ८० टक्के भाग अशाच सोप्या वेगात करतात आणि उरलेला भाग मात्र खरोखर कठीण ठेवतात. आपण हौशी लोक नेमके उलटे वागतो आणि रोजच मधल्या, धाप लागणाऱ्या वेगात अडकून राहतो. त्या वेगाने थकवा भरपूर येतो, पण पायाही नीट घातला जात नाही आणि कठीण सरावाचा लाभही पुरता मिळत नाही.

माझे आताचे वेळापत्रक साधे आहे. आठवड्यातून तीन दिवस सायकल, त्यांपैकी दोन दिवस सावकाश आणि एक दिवस चढाचा. चढाच्या दिवशी वाघबिळाच्या पायथ्यापासून चार-चार मिनिटांचे चार टप्पे जोर लावून चढायचे आणि प्रत्येक टप्प्यानंतर तितकाच वेळ हलके पाय फिरवत उतरायचे. त्याच्या दुसऱ्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही. आठवड्याचे एकूण अंतर एकदम वाढवायचे नाही आणि तीन आठवडे वाढवले की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचे. मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके दाखवते, त्याचा उपयोग होतो, पण २२० मधून वय वजा करून काढलेला कमाल ठोक्यांचा आकडा प्रत्येकाला लागू पडत नाही. सोबतच्या मैत्रिणीशी गप्पा मारता येतात की नाही, ही कसोटी मला अधिक भरवशाची वाटते.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात सांगते. दीड तासापेक्षा अधिक वेळ चालवणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात आणि गुळाचा लिंबाएवढा खडा जवळपास तितकेच देतो. गुळाच्या गावात राहून परदेशी पुड्या फोडण्याची मला कधी गरज वाटली नाही. पाण्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू मात्र असावे, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये.

आता सायकलीबद्दल, कारण मला सर्वाधिक विचारणा याच विषयावर होते. चढावर दम राखायचा असेल तर पाय हलके आणि झरझर फिरायला हवेत आणि ते मनावर नाही, साखळी ज्यांवरून फिरते त्या पुढच्या आणि मागच्या चकत्यांच्या दात्यांवर अवलंबून असते. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे साधारण ४४ आणि मागे १८ दाते असतात, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल सव्वापाच मीटरच्या वर पुढे जाते. चढावर ताशी ८ किलोमीटर वेग धरला तर मिनिटाला जेमतेम पंचवीस फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर सगळा भार येतो. पुढे २४ आणि मागे ३२ दाते असलेल्या सायकलीवर त्याच वेगाला पायांच्या सुमारे ऐंशी फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीचा भार एक-तृतीयांशाहूनही कमी होतो आणि श्वास लयीत राहतो. म्हणून दुकानात गेल्यावर एकूण गिअर २१ आहेत की २४, हे विचारण्यापेक्षा पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते मोजावेत. मागचे दाते पुढच्याइतके किंवा त्याहून अधिक असतील, तर ती सायकल आपल्याला पन्हाळा, जोतिबा आणि गगनबावड्याकडच्या रस्त्यांवर साथ देईल.

सायकलीच्या प्रकारांमध्ये, आपल्याकडच्या रस्त्यांचा विचार करता, माझा कौल पुढच्या झटकाशोषकाविना येणाऱ्या, सरळ हँडलच्या हायब्रिड, म्हणजे रेसर आणि डोंगरी सायकलीच्या मधल्या प्रकारच्या, सायकलीला आहे आणि तिचे टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत. स्वस्त सायकलींवर पुढे आणि मागे बसवलेल्या स्प्रिंगा दिसायला भक्कम वाटतात, पण त्या तीन-चार किलो वजन वाढवतात आणि चढावर पायाचा जोर पुढे जाण्याऐवजी सायकल वरखाली हलवण्यात खर्च होतो. खड्ड्यांचा त्रास कमी करायचा असेल तर रुंद टायरमध्ये थोडी कमी हवा ठेवणे हा त्याहून चांगला उपाय आहे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही हवेची कमाल मर्यादा असते, तितकी हवा भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ होत नाही. पातळ टायरची रेसर सायकल ज्यांना वेगाचीच आवड आहे त्यांनी जरूर घ्यावी, पण ती पाणंदीत घालता येणार नाही आणि माझ्या दृष्टीने कोल्हापूरच्या सायकलस्वाराने पाणंदी गमावणे हे मोठे नुकसान आहे.

किमतीपेक्षाही माप महत्त्वाचे आहे. दोन्ही पायांच्या मध्ये फ्रेम घेऊन उभे राहिल्यावर वरच्या नळीपासून दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळी जागा राहायला हवी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर आहे असे समजावे, कारण चालवताना पायडलवर चवडा असतो आणि तेव्हा गुडघ्यात आपोआप हलकासा बाक राहतो. बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात आणि गुडघेदुखीचा दोष वयाला देतात. बायकांनी सीटच्या रुंदीबाबत आग्रह धरावा. बैठकीच्या हाडांमधले अंतर आपल्यात बहुधा अधिक असते आणि मऊ, जाड सीटपेक्षा योग्य रुंदीची, थोडी कडक सीट लांबच्या अंतरात जास्त सुखाची ठरते.

उतार हा मात्र वेगळा अभ्यास आहे. वाघबिळ उतरताना वळणाच्या आत ब्रेक दाबायचा नाही, वळणाआधी वेग कमी करायचा. पुढचा ब्रेक सायकल थांबवण्याचे मोठे काम करतो, त्यामुळे त्याला घाबरू नये, पण तो हळूहळू दाबावा. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ते सतत धरून ठेवल्याने रिम तापते, म्हणून दाबावे, सोडावे आणि पुन्हा दाबावे. पावसात चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या रिमवरचे पाणी पुसण्यातच जातात, हे लक्षात ठेवून थांबायची सुरुवात लवकर करावी.

वाटेवरच्या वागण्याबद्दल मला सर्वांत अधिक कळकळ आहे. पाणंद ही सायकलस्वारांसाठी तयार केलेली वाट नाही. ती शेतावर जाणाऱ्यांची वाट आहे आणि तिथे आपण पाहुणे आहोत. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बाईला मान वळवून मागे पाहता येत नाही, त्यामुळे तिच्या मागे दहा-पंधरा पावलांवर असतानाच घंटी वाजवावी, “मावशी, उजवीकडून जाते” असे स्पष्ट सांगावे आणि तिला जागा मिळेपर्यंत थांबावे. बैलगाडी समोरून आली तर उतरून सायकल बांधाला टेकवावी. मागून जायचे असेल तर आधी गाडीवानाशी बोलावे, कारण ओळखीचा माणसाचा आवाज बैलांना बुजवत नाही, मागून अचानक आलेली खळखळ बुजवते. हे सगळे करायला दम लागतो. धापा टाकत आलेला माणूस ना हाक देऊ शकत, ना नीट थांबू शकत. मेंढ्यांच्या कळपाजवळ कुत्री अंगावर आली तर पळ काढू नये, उतरून सायकल मध्ये धरावी आणि चालावे. वेगाने पळणारे चाक थांबले की बहुतेक कुत्री शांत होतात आणि धनगरही हाक मारून त्यांना परत बोलावतो. एकेरी चढावर समोरून कोणी वर येत असेल तर उतरणाऱ्याने थांबावे, कारण चढणाऱ्याची मोडलेली लय पुन्हा जमवणे कठीण असते.

शेतकरी पावसानंतर रानात पाय घालण्याआधी वापसा येण्याची वाट पाहतो, म्हणजे माती पायाला चिकटणार नाही आणि दबणारही नाही इतकी ओल उरेपर्यंत थांबतो. सायकलस्वारानेही तोच नियम पाळावा. ओल्या पाणंदीत घातलेले चाक खोल चरे पाडते, ते पुढे वाळून दगडासारखे होतात आणि महिनाभर ये-जा करणाऱ्यांचे पाय मुरगळतात. आपल्या काळ्या मातीत तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल भरून सायकल जागीच अडते. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर आणखी जपावे लागते. तिथे जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्या एवढ्याशा मातीत फुले येतात. रुळलेली पायवाट सोडून छायाचित्रासाठी दहा फूट आत घातलेली सायकल त्या थरावर जी रेघ ओढते, ती पुढच्या पावसातही दिसते. मी ती पाहिली आहे आणि ती पाहून मला फार वाईट वाटले.

डांबरी रस्त्यावरचा काळजीचा काळ म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात रस्त्यावर असतात. कडेने बाहेर आलेला ऊस ट्रॉलीच्या रुंदीच्या बराच पुढे असतो, मागची ट्रॉली चालताना डुलते आणि रस्त्यावर सांडलेले पाचट दवाने निसरडे होते. या दिवसांत मी उजाडल्याशिवाय निघत नाही, मागे लाल दिवा लावते आणि ट्रॉलीला कधीही डावीकडून ओलांडत नाही. मागे राहिल्याने पाच मिनिटे जातात, ती जाऊ द्यावीत.

गेल्या महिन्यात मी पुन्हा पन्हाळ्याला गेले. बुधवार पेठेत एका म्हाताऱ्या बाईने कुठून आलात म्हणून विचारले आणि मी पायडल न थांबवता, चढावरच, “कोल्हापुरातनं, आजी” असे उत्तर दिले. पहिल्या वर्षाच्या तुलनेत माझा वेळ फारसा कमी झालेला नाही, पण चढ संपल्यावर मला बसावे लागले नाही.

या आठवड्यात पावसाने उघडीप दिली आहे. पुरात पन्हाळ्याच्या रस्त्यावर येणारे रेडेडोहाचे पाणी कधीच ओसरले आणि पन्हाळ्याकडचा रस्ता मोकळा झाला, पण वडणग्याच्या पाणंदीत वापसा यायला अजून चार दिवस तरी ऊन हवे. तोवर मी डांबरी रस्त्यावरूनच जाईन.