आधी चतकोर, मग मागेल तेवढे

लहान मूल असलेल्या घरात जेवणाच्या वेळी दोन तक्रारी हमखास ऐकू येतात: मूल नीट जेवत नाही आणि त्याच्या ताटातले अन्न वाया जाते. बहुतेक घरांत या दोन्हींवर एकच उपाय केला जातो, तो म्हणजे वाढलेले सगळे संपल्याशिवाय मुलाला पानावरून उठू न देणे. माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि मुलगा सात वर्षांचा, आणि दोघांची जेवणे पाहता पाहता माझे असे ठाम मत झाले आहे की या उपायाने दोन्ही तक्रारी वाढतात. अन्न टाकले जाते ते मुलाच्या हट्टापायी कमी आणि वाढणाऱ्याच्या चुकीच्या अंदाजापायी जास्त. म्हणून सुधारणा करायची ती आधी वाढण्यात केली पाहिजे.

‘पानात टाकायचे नाही’ या शिस्तीला मात्र मी नावे ठेवणार नाही. आमचा सोलापूर हा पावसाने वारंवार दगा दिलेला जिल्हा आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेली, तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरची तांबडी मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) खाऊन दिवस काढलेली माणसे आज आजी-आजोबा होऊन नातवंडांच्या शेजारी जेवायला बसतात. त्यांना ताटात उरलेला भाकरीचा तुकडा पाहून जे वाटते, ते आपल्याला पूर्णपणे कळणे अवघड आहे. पण त्याच पिढीच्या पंगतीत वाढणारा प्रत्येकाला ‘किती वाढू?’ असे विचारत असे, आणि नको असेल तर पानावर हात आडवा धरायची मुभा जेवणाऱ्याला असे. संपवण्याचे बंधन होते ते स्वतः मागून घेतलेल्या अन्नाचे. लहान मुलाला आपण यातले काहीच विचारत नाही. ताट आपण भरतो, प्रमाण आपण ठरवतो आणि हिशेब मात्र त्याच्याकडून मागतो.

त्यातच आपला प्रमाणाचा अंदाज बहुधा मुलाच्या पहिल्या वर्षावरून बेतलेला असतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचे वजन जन्माच्या वेळेपेक्षा सुमारे तिप्पट होते. पुढे दोन ते पाच या वयात ते वर्षाला साधारण दोन किलोच वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आणि नेमक्या याच काळात घरातले सगळे ‘आधी किती छान खायची!’ असे म्हणत मुलीच्या मागे वाटी घेऊन फिरू लागतात. याच वयात अनोळखी पदार्थाची धास्ती सर्वांत जास्त असते, आणि मुलांच्या जिभेला कडू चव मोठ्यांपेक्षा तीव्र लागते. तेव्हा मेथीच्या भाजीला पाहून तोंड फिरवणारे मूल नाटक करत आहे असे समजू नये. एका जेवणात दोन घास आणि दुसऱ्या जेवणात भरपूर, हेही या वयाला धरूनच आहे. हिशेब एका ताटाचा न मांडता चार-पाच दिवसांचा मांडला, तर निरोगी मुलाचा आहार बहुतेक वेळा पुरेसा भरतो.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणाच्या कामाची एक वाटणी सांगितली आहे, ती मला आपल्या घरांना फार लागू पडणारी वाटते. काय शिजवायचे, केव्हा जेवायचे आणि कुठे बसून जेवायचे हे मोठ्यांनी ठरवायचे. वाढलेल्यातले खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवायचे. वाचताना ही फार मोकळीक वाटते, पण नीट पाहिले तर यातला पहिला भाग चांगलाच कडक आहे. मुलगी वांगे खाणार नाही म्हणाली म्हणून तिच्यासाठी वेगळी मॅगी होत नाही. स्वयंपाक एकच होतो. फक्त त्यात तिला निश्चितपणे आवडणारा एक तरी पदार्थ असेल एवढे मी पाहते, म्हणजे वरण-भात किंवा दही-भाकरी. वांगे समोर असते, आग्रह नसतो.

आता वाढण्याविषयी. आमच्याकडे रात्री ज्वारीची भाकरी असते, आणि मुलीच्या ताटात पहिल्यांदा चतकोरच पडते, कधी कधी त्याहून लहान नितकोरसुद्धा. तिची खायची पद्धत पाहण्यासारखी आहे. ती भाकरीचा वरचा पापुद्रा नखाने अलगद सोडवते, त्यावर तुपाचे बोट फिरवते, त्याची सुरळी करून खाते आणि खालचा जाड भाग ताटाच्या कडेला सारते. यावर तिला रागावण्याऐवजी मी पापुद्राच वाढू लागले. चांगली फुगलेली भाकरी मी तव्याजवळच उकलते. वरचा पदर तिच्या ताटात जातो आणि खालचा माझ्या आमटीत कुस्करला जातो. एका भाकरीत दोघींचे भागते आणि टाकायला काही उरत नाही. शिवाय भाकरी नाकारण्यामागे कधी कधी खरेच कारण असते: दळण जुने होऊन पिठाची विरी (चिकटपणा) गेली की भाकरी चिरते आणि वातड होते, आणि ती मोठ्यांनाही घशाखाली उतरत नाही. अशा वेळी दळण थोडे थोडे आणणे आणि पीठ गरम पाण्यात मळणे, हा मुलाला समजावण्यापेक्षा सोपा मार्ग आहे.

एवढा लहानसा तुकडा वाढलेला पाहून सासूबाई सुरुवातीला अस्वस्थ होत.

“अगं, एवढ्याशानं काय होणार आहे तिचं? निदान अर्धी तरी घाल.”

“आई, तिला लागली तर ती मागेल. मागितली की तुम्हीच तव्यावरची गरम घाला तिला.”

ही विभागणी त्यांना मानवली. आता मुलीला ‘आजी, अजून चतकोर’ म्हणायची सवय झाली आहे, आणि मागितलेली गरम भाकरी तत्परतेने वाढण्यातले समाधान संपवायला लावण्यातल्या समाधानापेक्षा कमी नसते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून तरी दिसते. मुलगा मोठा असल्यामुळे तो स्वतःच्या हाताने वाढून घेतो. त्याला नियम लागू आहे: स्वतः घेतले ते संपवायचे, आणि अंदाज येत नसेल तर कमी घेऊन पुन्हा घ्यायचे.

नव्या भाजीच्या बाबतीत लहान प्रमाणाचा फायदा अधिक ठळकपणे दिसतो. एखादी चव अंगवळणी पडायला मुलाला ती आठ ते पंधरा वेळा समोर यावी लागते, असे बालआहाराच्या अभ्यासांत आढळले आहे. बहुतेक पालक तिसऱ्या-चौथ्या वेळीच थांबतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण दर वेळी वाटीभर भाजी कचऱ्यात जाताना पाहवत नाही. पण दर वेळी एकच चमचा भाजी वाढली, तर पंधरा वेळांत मिळून दोन-तीन वाट्याच खर्ची पडतात, आणि त्यातही नाकारलेला न चिवडलेला चमचा शेजारच्या मोठ्या माणसाच्या ताटात सहज जातो. गवारीची एकच शेंग, गाजराची एकच फोड, गरगट्ट्याचे (घोटलेल्या पालेभाजीचे) बोटभर चाटण. मुलीने नुसते हुंगून परत ठेवले तरी ते मोजणीत धरायचे. आपल्याकडची शेंगाचटणी या कामी फार उपयोगी आहे. दह्यात कालवून तिखटपणा मोडला की मुले तिच्यात काकडीपासून दोडक्यापर्यंत काहीही बुडवून पाहतात. मात्र अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. बारीक कुटलेली चटणीच बरी.

भुकेचा विचार जेवणाच्या बराच आधी करावा लागतो. साडेसहाला बिस्किटे, सातला पेलाभर दूध आणि मधेच शेजारच्या काकूंनी दिलेली खारी, एवढे पोटात गेल्यावर आठ वाजता मुलाने भाकरी मागावी ही अपेक्षा अवाजवी आहे. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचे अंतर आणि त्या काळात फक्त पाणी, एवढे पाळले तरी पुष्कळ तक्रारी मिटतात. दुधाचेही तसेच आहे: दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त गेले की भूक मरते आणि शरीराला लोह कमी पडू लागते. मोबाइल दाखवून भरवण्याबद्दल एवढेच म्हणेन की पोट भरल्याची जाणीव पडद्याकडे पाहताना नीट होत नाही, आणि ती जाणीव होणे हाच तर या सगळ्याचा पाया आहे.

इतके करूनही उरतेच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जात असल्याचा अंदाज आहे (त्यात साली-देठेही धरलेली आहेत). उरलेल्याचे दोन भाग करावेत: पातेल्यात उरलेले आणि ताटात उष्टे झालेले. उष्टे साठवू नये. लाळ लागलेले अन्न लवकर आंबते. पातेल्यातले अन्न मात्र वेळेवर झाकून फ्रिजमध्ये गेले पाहिजे. एरवी शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपर्यंत ठेवता येते, पण पारा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तो चाळिशी ओलांडतो. भाताला विशेष जपावे. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिल्यास त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. लहान मुलाला सकाळचा बाहेर राहिलेला भात रात्री फोडणी देऊन वाढणे ही काटकसर नव्हे.

ज्वारी या बाबतीत आपल्या बाजूची आहे. रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून कांदा-मोहरीच्या फोडणीवर परतली की मुले ती पोह्यांसारखी खातात. उरलेली पालेभाजी किंवा घट्ट वरण पिठात मळून धपाटे लावले की आदल्या रात्री नाकारलेली भाजी दह्याबरोबर निमूटपणे संपते. (भाजी लपवून खाऊ घालणे हा माझा हेतू नसतो; विचारले तर मी काय घातले ते सांगते.) आणि कडक भाकरी तर मुळातच टिकण्यासाठी केलेली. माझा मुलगा मऊ भाकरीला कंटाळला की कडक भाकरीचा तुकडा दुधात चुरून खातो किंवा नुसताच कुरकुर चावत बसतो, आणि तोंड न लावलेला उरलेला तुकडा डब्यात परत जातो.

काही मुलांची गोष्ट मात्र वेगळी असते. वजन वाढायचे थांबले किंवा घटू लागले, घास गिळताना वारंवार ठसका लागतो किंवा उलटी होते, मूल चार-पाच ठरावीक पदार्थांपलीकडे कशालाही हात लावत नाही आणि तेही कमी होत चालले आहेत, किंवा ते फिकट आणि मलूल दिसते, अशा वेळी वाढण्याच्या युक्त्या बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे. तिथे जाताना आठवडाभर मुलाने खरोखर काय खाल्ले याची नोंद बरोबर न्यावी. ‘काहीच खात नाही’ या वाक्यावरून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही.

लग्नसराईत या सगळ्या घडीला सुरुंग लागतो. बुफेच्या रांगेत मुलाच्या हाती मोठ्यांचे ताट येते आणि त्यात जिलेबी, पुरी, मसालेभात, दोन भाज्या एकमेकांत मिसळून पडतात. कार्यालयाच्या मागच्या पिंपात अशी अर्धी ताटे ढिगाने दिसतात. आम्ही मुलीसाठी वेगळे ताट घेतच नाही. मी माझ्यासाठी वाढून घेते, एक मोकळी वाटी मागून घेते आणि तिला जे हवे ते माझ्या ताटातून तिच्या वाटीत जाते. ती बहुतेक वेळा पुरी, भात आणि जिलेबी एवढ्यावरच थांबते. यजमान आग्रहाला आले तर ‘तिचे झाले आहे’ असे मी सांगते, आणि दुसरी जिलेबी तिने मागितली तर ती आणायला तिलाच पाठवते.