पोह्यांखालची वाफ आणि परदेशातलं पोट

इंदुरात पोह्यांच्या गाडीवर जरा खाली वाकून पाहा. पोह्यांचं भांडं थेट आचेवर नसतं. खाली पाणी उकळत असतं आणि त्या वाफेवर पोहे मऊ आणि कढत राहतात. सराफा या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू नावाचा कंद समोर तेलातून निघतो आणि जिरावण मसाला भुरभुरून लगेच हातात येतो. भुट्ट्याचा कीसही गरम कढईतूनच वाढला जातो. परदेशात पोट सांभाळताना हेच बघायचं असतं. ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवलेल्या अन्नात जंतू वाढत नाहीत, ५ अंशांच्या खाली बहुतेकांची वाढ फार मंदावते, आणि मधल्या पट्ट्यात ते भराभर वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर राहिलं तर २ तास ही मर्यादा धरावी. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

‘आम्ही रात्री बाराला सराफ्यात खाणारे, आम्हाला काय होणार!’ हा भरवसा मात्र घरी ठेवूनच निघावं. परदेशातल्या जुलाबांचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे विष तयार करणारे प्रकार. घरच्या जंतूंशी शरीराची थोडीफार ओळख झालेली असते, पण ती त्याच जातींपुरती. बँकॉक किंवा कैरोतल्या जाती वेगळ्या असतात. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूविरुद्धची ताकद तर घरच्या घरीही फार काळ टिकत नाही.

आपल्या मंडळींच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती ग्रुप टूरच्या ‘इंडियन पॅक्ड लंच’ची. सकाळी सातला डब्यात भरलेला जिरा राइस किंवा दहीभात बसच्या पोटात पडून राहतो आणि दुपारी दोनला उघडला जातो. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू शिजवल्यानं मरत नाहीत, कोमट भातात ते जागे होतात आणि उलट्या घडवणारं विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून हॉटेलात मायक्रोवेव्ह आहे एवढ्यावर भिस्त ठेवू नये. असा डबा मिळणार असेल तर टूरवाल्यांना आधीच सांगून भाताऐवजी कोरड्या पोळ्या, सुकी भाजी, केळी घ्यावीत. अनोळखी देशातला समोर उकळलेला नूडल्सचा वाडगा या भातापेक्षा कितीतरी सुरक्षित. आपलं जेवण म्हणजे सुरक्षित आणि परकं म्हणजे धोक्याचं, ही समजूत आपल्या घरांत फार खोल रुजली आहे आणि माझ्या मते तीच जास्त आजारी पाडते.

बुफेत दार उघडल्या उघडल्या जा. वाफ दिसत नसलेलं ताट, चिरलेली फळं, कच्ची कोशिंबीर, ओल्या चटण्या, रायतं हे सोडून द्या. केळं, संत्रं स्वतः सोलून खा.

पाण्याचं सगळीकडे सारखं नसतं. सिंगापूर, जपान आणि पश्चिम युरोपातला बहुतेक भाग इथं नळाचं पाणी खुशाल प्यावं. थायलंड, व्हिएतनाम, बाली, इजिप्त, नेपाळ इथं सीलबंद बाटली किंवा उकळलेलं पाणी, दात घासायलासुद्धा. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट पुरतं. २००० मीटरपेक्षा उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथं ३ मिनिटं. बर्फाबद्दल शंका असेल तर बर्फ नको. गोठल्यानं जंतू मरत नाहीत. हात साबणानं धुवा, कारण नोरोव्हायरसवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही.

आता पोट बिघडलंच तर. दोष शेवटच्या जेवणाला देण्याआधी घड्याळ बघा. जेवल्यावर १ ते ६ तासांत जोराच्या उलट्या झाल्या तर बहुधा आधीच तयार झालेलं विष. १२ ते ४८ तासांनी उलट्या आणि जुलाब दोन्ही आले तर नोरोव्हायरसचा संशय. कॅम्पिलोबॅक्टर या जंतूला साधारण २ ते ५ दिवस लागतात, म्हणजे आज हनोईत आजारी पडलात तरी चूक परवाच्या बँकॉकमधली असू शकते.

पहिलं औषध ओआरएस. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्या मागून पाणी ओढलं जातं. जुलाबातही ही वाट बहुधा चालू राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांना हेच मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाकीट नेताना त्यावर काय लिहिलंय ते वाचा. एक लिटरमध्ये सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण. गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे.

चूक होते ती मापात. साधारण २१ ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटरचं असतं, चार-साडेचार ग्रॅमचं छोटं २०० मिलिलिटरचं. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं की द्रावण इतकं दाट होतं की उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या मोजून घ्या, तयार द्रावण २४ तासांत संपवा. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर मोठ्यांनी २०० ते ४०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलांनी १०० ते २००, त्याहून लहानांनी ५० ते १००. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं सुरू करा. मूल अंगावर पीत असेल तर दूध बंद करू नका.

जुलाब थांबवणारं लोपेरामाइड फक्त मोठ्यांसाठी, विमान-बस टाळता येत नसेल तेव्हा: आधी ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाला ८ च्या वर नाही. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर घेऊ नका, घाण आत अडकते. जुलाबावरच्याच डायफेनॉक्सिलेटच्या गोळ्या नेऊ नका, तो पदार्थ आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ कराराखाली येतो. नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल ही जंतुनाशक औषधांची जोडगोळी आपल्या घराघरांत असते. विषाणूवर ती निरुपयोगी, आणि आग्नेय आशियातले कॅम्पिलोबॅक्टर नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांना बहुतांशी दाद देत नाहीत. तिकडं जाणार असाल तर अॅझिथ्रोमायसिन हे दुसरं जंतुनाशक औषध कधी आणि किती घ्यायचं हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अंगातलं पाणी कमी झालं असताना त्रास देऊ शकतात. आजारपणाच्या दिवसांत यांतली कोणती थांबवायची, कधी सुरू करायची, हे आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा. चिठ्ठीत औषधांची मूळ नावं हवीत, आणि औषधं हातातल्या बॅगेत.

६-८ तास लघवी नाही, घोटभर पाणीही टिकत नाही, रक्त, ३८.५ अंशांच्या वर ताप, ग्लानी: यांपैकी काहीही दिसलं तर रुग्णालय गाठा. विमा कंपनीच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर शक्यतो भरती होण्याआधी फोन करा.

इंदूरहून मुंबई किंवा दिल्लीमार्गे जाताना डबा लागतोच. दशम्या, धपाटे, पुरणपोळी पूर्ण निवल्यावरच भरा, नाहीतर वाफेचं पाणी सुटून बुरशी येते. पहिल्याच दिवशी संपवा. शेव, खाकरे, मेतकूट, सुकी लसणाची चटणी पुढच्या दिवसांसाठी. मात्र दुबई आणि सिंगापूरला खसखस नेण्यास बंदी आहे, म्हणून खसखशीवर थापलेले अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या घरीच ठेवा. मसाल्यातही ती असते. न्यूझीलंडला फॉर्मवर खाद्यपदार्थ जाहीर करा. जाहीर केले तर फार तर काढून घेतात, लपवले तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

लसींबद्दल निघण्याच्या महिनाभर आधी विचारा. टायफॉइड सगळ्यांसाठी, आणि हेपेटायटिस ए विशेषतः मुलांसाठी. आजी-आजोबांना तो लहानपणी नकळत होऊन गेलेला असतो, आरओच्या पाण्यावर वाढलेल्या नातवंडांना बहुधा नाही.

परतल्यावर दोन आठवडे उलटूनही पोट फुगणं, तेलकट शौच, वजन उतरणं चालू असेल तर जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी तपासा. एका नमुन्यात तो सुटू शकतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या. आणि हिवताप असलेल्या देशातून येऊन जुलाबांबरोबर ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा. तुम्ही कुठल्या देशात कोणत्या तारखांना होतात, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा.