तेच वाक्य, पण साताऱ्यात

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये गेले सोळा महिने मी दर गुरुवारी ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे नाव न सांगता एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांची संघटना) मीटिंगमध्ये एक वाक्य बोलतोय, ‘आय अ‍ॅम अ‍ॅन अल्कोहोलिक.’ पहिल्या दिवशी जीभ अडखळली, नंतर कधीच नाही. यंदा गणपतीला साताऱ्याला आलो आणि तेच मराठीत बोलायची वेळ आली, तेव्हा घशातून आवाज निघेना. त्या संध्याकाळबद्दल लिहितोय.

लीड्सची मीटिंग एका चर्चच्या हॉलमध्ये भरते. चर्च म्हणून पहिल्यांदा मी दारातच थांबलो होतो. आत धर्माचं कुणी काही विचारलं नाही, फी घेतली नाही, नावही पहिलंच पुरलं. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पिशवी फिरते, तिच्यात ज्याला जमेल तो नाणी टाकतो. बाहेरच्या कुणाची देणगी ते घेत नाहीत. (आधी डॉक्टरांनी औषधं दिली होती. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात, हे इथे लिहून ठेवतो.)

तिथला चहा मात्र मी विसरणार नाही. तो देणारे एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर, सत्तरीचे. माझे हात इतके थरथरत होते की कप धरता येत नव्हता. त्यांनी काही न बोलता मोठा मग शोधला, तो अर्धाच भरला आणि माझ्या दोन्ही हातांत दिला. पुढे तीन महिने ते रोज सकाळी पावणेसातला फोन करायचे. ‘आजचा दिवस?’ एवढंच विचारायचे. माझ्या रक्ताच्या माणसांनीही माझ्यासाठी इतकं सातत्य ठेवलं नव्हतं, असं मी तेव्हा म्हणायचो. दादाला ते लागलं, आणि ते खरंही नव्हतं.

त्यांनीच एकदा विचारलं, ‘तुमच्याकडे असं काही असतं का?’ मी उसळलोच. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं ‘परिवर्तन’ आणि पुण्यात १९८६ पासूनचं ‘मुक्तांगण’ ही व्यसनमुक्ती केंद्रं, बायका मतदान करून गावातली बाटली आडवी करतात ते, सगळं सांगितलं. २०१६ मध्ये दादा मला एका केंद्राच्या फाटकापर्यंत घेऊन गेला होता आणि आत ओळखीच्या माणसाची स्कूटर दिसली म्हणून मी मागे फिरलो, हे मात्र सांगितलं नाही.

तर यंदा. गौरी जेवल्या त्या रात्री मित्रांनी हायवेवरच्या ढाब्यावर बोलावलं. गेलो नाही, पण झोपही लागली नाही. सकाळी पोवई नाक्यावर उभा राहून फोन काढला आणि इथल्या ए.ए.चा नंबर लावला. ए.ए.ची सुरुवातच एका फोनने झाली आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात धंद्यात आपटलेला एक माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने चर्चना फोन लावले, दुसरा कुणी दारुडा भेटतो का म्हणून. त्यातून त्याला एक सर्जन भेटला, तोही दारुडाच, आणि त्या दोघांतून ए.ए. उभी राहिली. मला पलीकडून आवाज आला, ‘बोला दादा, कुठनं बोलताय?’ मी गाव सांगितलं, नाव सांगितलं नाही.

संध्याकाळी शाळेचा वर्ग, बुटकी बाकं. मी दारात घुटमळत होतो. ‘या की आत, दारात का उभं?’ आत आलो. पांढऱ्या टोपीतले एक काका निरखून बघत म्हणाले, ‘मास्तरांचा धाकटा ना?’

ज्याला घाबरून नऊ वर्षं पळालो, ते दहा सेकंदांत झालं. लीड्समध्ये माझा बाप कुणाला माहीत नाही, म्हणून तिथे ते वाक्य स्वस्त होतं. साताऱ्यात ‘अनामिक’ राहायचं कसं? काका म्हणाले, ‘मास्तरांनी मला सातवीला गणित शिकवलं. बसा. इथलं इथंच राहतं.’ आणि स्वतःच आधी बोलले. काय बोलले ते मी लिहिणार नाही.

माझी पाळी आली. लीड्सची सवय काही कामाला आली नाही. बराच वेळ गेला, कुणी घाई केली नाही. शेवटी म्हणालो, ‘मी दारुडा आहे.’ आईच्या भाषेत, तिच्या घरापासून पंधरा मिनिटांवर.

सातारा सोडला नसता तर माझी सुटली नसती, असं मला अजूनही वाटतं. दादाला पटत नाही. ‘वाढली तिथंच की तुझी,’ म्हणतो. तेही खरं आहे. पण तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणूनच मी आत जाऊ शकलो.

पुढच्या मीटिंगला दादाने गाडीवरून सोडलं. आत ये म्हटलं तर आला नाही, तासभर फाटकाबाहेर गाडीवर बसून राहिला. मध्येच काका उठले, थर्मासमधला चहा कपात ओतला आणि बाहेर जाऊन त्याच्या हातात देऊन आले.